मदत हवी: आईला घेऊन पालखीत मधूनच कुठून सामील व्हावं?

गोदाकाठ: आषाढीला आईला पायी न्यायचंय. पूर्ण वाट जमणार नाही, रजा मोजकी आहे. बीडकडून कुठे गाठावं? जेवण, मुक्काम, सामान कसं असतं? रजेचा अर्ज उद्या द्यायचाय, नेमकं सांगा.

टाळकरी: कोणती पालखी ते लिहा की.

आषाढघन: बीड म्हणजे मुक्ताबाईंचीच. मुक्ताईनगरहून येते, बीडवरूनच पुढे जाते. घरापासून चाला.

गोदाकाठ: नाही हो, नाथांची. आईचं माहेर पैठण, तिला दुसरी चालणार नाही.

टाळकरी: मग पाटोदा नाहीतर परांडा. पाटोद्याकडे येताना बालाघाटाचा चढ आहे. त्यात पाऊस लागला की काळ्या रानातला चिखल चपलेला असा धरतो, पाऊल उचलवत नाही. पुढे दिघोळ, खर्डा करत परांडा. चढ नको असेल तर सरळ परांड्याला या. पण सुटे चालू नका, दिंडी धरा. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की जेवण, राहुटीत जागा, सामान दिंडीच्या ट्रकात. दिंडीप्रमुखांशी आत्ताच बोला.

बालाघाटी: खर्ड्यावरून जाणारच तर किल्ला बघाच. 1795 ची मराठे-निजाम लढाई तिथलीच.

आषाढघन: कशाला एवढा त्रास? आषाढीला एसटीच्या जादा गाड्या असतात.

गोदाकाठ: गाडीने दरवर्षी जातोच. तिला चालायचंय.

पारिचारिका_ताई: आईंचं वय? शुगर, बीपी?

गोदाकाठ: 62. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. पायाला फोड आले तर?

टाळकरी: सुईत दोरा ओवून फोडातून काढायचा, दोरा तसाच ठेवायचा. पाणी निघून जातं. आम्ही हेच करतो.

पारिचारिका_ताई: माऊली, शुगरवाल्यांना हे सांगू नका. जखम लवकर भरत नाही, चिघळते. काहींना तर फोड आलेला कळतही नाही. गोदाकाठ, रोज मुक्कामाला पोचलात की आईंचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बघा. अनवाणी अजिबात नको, नवी चप्पलही नको. सुती मोजे, वापरातले बूट. निघायच्या आधी डॉक्टरांना पाय दाखवा.

टाळकरी: आमच्या म्हाताऱ्या बिनामोज्याच्या चालल्या.

पारिचारिका_ताई: चालल्या असतील. ह्यांच्या आईंना शुगर आहे.

गोदाकाठ: परांडा ठरलं. भिशी किती?

टाळकरी: दिंडीगणिक वेगळी. विचारूनच घ्या.

पारिचारिका_ताई: अजून एक. गोळी घेतली आणि पंगत लांबली तर शुगर एकदम उतरते, घाम फुटतो, चक्कर येते. साखरेची पुडी आईंच्या कनवटीला असू द्या, ट्रकातल्या पिशवीत नको.