ईसीजीचे खात्रीचे पेपर रोल कुठे मिळतील? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
तालुक्याच्या गावी आमचा छोटा दवाखाना आहे. ईसीजी मशीन जुनं, तीन चॅनेलचं, ८० मिमीच्या थर्मल रोलवर चालणारं. मशीन ठणठणीत आहे, अडचण फक्त कागदाची. नेहमीचे सर्जिकलवाले म्हणतात, आता सगळे पीडीएफवर गेले, रोलला उठाव नाही. अख्खी पेटी घेणार असाल तरच मागवतो.

म्हणून ऑनलाइन मागवले, तर चौकटींची छपाईच चुकीची. पट्टी लावून पाहिली, मोठं घर ५ मिमी भरत नाही. हे कसं चालेल? कागद सरकण्याच्या २५ मिमी प्रति सेकंद वेगाला बारीक घर (१ मिमी) म्हणजे ०.०४ सेकंद. घरच लहान असेल तर क्यूआरएसची (आलेखातल्या ठोक्याच्या टोकदार लहरीची) रुंदी मोजायची कशावर?

जिल्ह्याच्या डॉक्टरांना मोबाइलवर फोटो पाठवतोच. पण रात्री रेंज गेली की पेशंटबरोबर दिलेला कागदच कामी येतो, त्यामुळे तो बंद करायचा नाही.

पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे कुणी भरवशाचा होलसेलवाला माहीत आहे का, जो आधी एक रोल नमुन्याला देईल? उत्पादनाची तारीख छापलेली हवी, कारण थर्मल कागद उन्हाळ्यात पडून राहिला की काळवंडतो. पेटी घ्यावीच लागली तर शेजारच्या दवाखान्यांत वाटून घ्यायची आमची तयारी आहे.

आणि जुन्या मशीनला कॉम्प्युटर जोडून साध्या ए-फोर कागदावर कुणी प्रिंट काढतं का? चौकटींचं माप बरोबर येतं का, तेही कृपया सांगा.