टीएलडीवरच्या रुग्णांचे सँपल: आयएल-६, डी-डायमर आणि पीबीएमसी एकत्र कसं बसवायचं?

थेंबभर_प्लाझ्मा
नमस्कार. टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही एचआयव्हीवरची एकत्र गोळी) चालू असलेले, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे असे चाळिशीपुढचे रुग्ण घेऊन इन्फ्लमेशन आणि हृदयविकाराचा धोका यांचा संबंध पाहायचा आहे. रक्त पुणे स्टेशनजवळ काढणार, लॅब भोसरीला. मोजायचं ते आयएल-६, सोल्युबल सीडी१४, सोल्युबल सीडी१६३ (तिन्ही इन्फ्लमेशनच्या खुणा) आणि डी-डायमर (रक्त गोठण्याची खूण). शिवाय पीबीएमसी (रक्तातल्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट पेशी) गोठवायच्या. सध्याचा बेत: सगळ्या ट्यूब बर्फावर ठेवून दुपारी एकाच फेरीत पाठवायच्या आणि एचआयव्ही नसलेला तुलनागट कॉलेजच्या स्टाफमधून घ्यायचा. यात काय फसेल?

ब्रेक_बंद
दोन्ही गोष्टी फसतील. ट्यूबचं आधी बोलू.

पीबीएमसीसाठीचं रक्त बर्फावर ठेवू नका. साधारण १८ ते २५ अंशांत ठेवा. मे महिन्यात गाडीची डिकी तापते, म्हणून थर्मोकोलचा डबा हवा, पण त्यात आइसपॅक थेट ट्यूबला लागता कामा नये. रक्त काढल्यापासून ८ तासांच्या आत पेशी गोठवून झाल्या पाहिजेत. उशीर झाला की ग्रॅन्युलोसाइट्सची (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घनता बदलते आणि त्या फायकोलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करायचा द्रव) पीबीएमसीच्याच थरात येऊन बसतात. मग मोजणीत आकडा भरपूर दिसतो आणि टी-सेल मात्र प्रतिसाद देत नाहीत.

आयएल-६ चं उलट आहे. पेशी ट्यूबमध्येही जिवंतच असतात, आयएल-६ सारखी साइटोकाइन (संदेशवाहक प्रथिनं) सोडू शकतात. म्हणून ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब केंद्रावरच २ तासांत फिरवा, प्लाझ्मा अर्धा-अर्धा मिलीच्या व्हायलमध्ये भरून कोरड्या बर्फावर पाठवा. त्यासाठी तिथे एक छोटा सेंट्रिफ्यूज लागेल, त्याला पर्याय नाही. डी-डायमरला ३.२ टक्के सायट्रेट, २.७ मिली रक्ताची ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, नाहीतर ९:१ प्रमाण बिघडतं.

एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) आरपीएम (मिनिटाचे फेरे) लिहू नका, जी (गुरुत्वाच्या किती पट बल) लिहा. फायकोलला ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. १७ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर ते सुमारे १४५० आरपीएम होतं, १० सेंटिमीटरवर १९०० च्या आसपास. दोन ठिकाणी दोन मशिनं असली की इथेच घोळ होतो.

गोठवताना १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारा द्रव), ९० टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम), व्हायलला ५० लाख ते १ कोटी पेशी, मिनिटाला १ अंश या वेगाने उणे ८० पर्यंत. आयसोप्रोपेनॉलचा डबा वापरत असाल तर दर ५ वेळांनी द्रव बदला. ७२ तासांत लिक्विड नायट्रोजनमध्ये गेलं पाहिजे. पालखी आणि विसर्जनाच्या दिवशी रक्त काढूच नका, गाडी पोचणार नाही.

आणखी एक: सोल्युबल सीडी१४ मायक्रोग्रॅममध्ये असतो, आयएल-६ काही पिकोग्रॅममध्ये. एकाच मल्टिप्लेक्स (एका वेळी अनेक घटक मोजणाऱ्या) किटमध्ये दोन्ही बसवण्याचा मोह टाळा. आयएल-६ ला हाय-सेन्सिटिव्हिटी किटच घ्या.

कंट्रोल_कुठाय
स्टाफ नको. पगार, आहार, मिशरी-तंबाखू, घरातली गर्दी, सगळंच वेगळं. मग जो फरक दिसेल तो एचआयव्हीचा की राहणीमानाचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. एचआयव्ही निगेटिव्ह जोडीदार किंवा त्याच भागातून आयसीटीसीला (सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्र) येऊन निगेटिव्ह निघालेले लोक बरे. वय आणि लिंग जुळवा, तंबाखू नोंदवा.

आपल्याकडे टीबी विसरून चालत नाही. सक्रिय टीबी वगळा, सुप्त टीबीची तपासणी दोन्ही गटांत करा, प्रतिबंधक गोळ्या कधी संपल्या ते लिहून ठेवा. पावसाळ्यात डेंग्यू-चिकुनगुन्या असतोच. गेल्या महिन्यात ताप येऊन गेला असेल तर तारीख पुढे ढकला. स्टॅटिन चालू आहे का हेही विचारा. २०२३ च्या रिप्रीव्ह चाचणीत एचआयव्ही असलेल्या ७,७६९ जणांत पिटाव्हास्टॅटिन ४ मिलिग्रॅमने हृदयविकार-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या, त्यामुळे आता चाळिशीपुढच्या रुग्णांना ते सुरू होण्याची शक्यता वाढली आहे.

रुग्ण आणि कंट्रोल (तुलनागट) यांचे नमुने चाचणीच्या एकाच प्लेटवर लावा. आधी सगळे रुग्ण, मग सगळे कंट्रोल, असं केलंत तर प्लेटचा फरक आजाराचा म्हणून छापला जाईल.

व्हायलवर एआरटी (एचआयव्ही उपचाराचा) क्रमांक नको, फक्त अभ्यासाचा कोड. एचआयव्ही कायदा २०१७ मध्ये गोपनीयता बंधनकारक आहे, आणि व्हायल ड्रायव्हरच्या हातातून जाते.

थेंबभर_प्लाझ्मा
आभारी आहे, सेंट्रिफ्यूज बजेटमध्ये टाकते. मूत्रपिंडाचं काम कोव्हेरिएट (विश्लेषणात हिशेबात धरायचा घटक) म्हणून घ्यायचंय. क्रिएटिनिनवरून ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळणीचा अंदाज) पुरेल ना?

ब्रेक_बंद
एकट्याने नाही. डोल्युटेग्राविर मूत्रपिंडाच्या नलिकेतला ओसीटी२ (क्रिएटिनिन लघवीत सोडायला मदत करणारं प्रथिन) अडवतं, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं चढतं आणि तिथेच स्थिरावतं. गाळणी मात्र तशीच असते. दुसरीकडे टेनोफोविर नलिकांना खरोखर इजा करू शकतं, म्हणून चढलेला प्रत्येक आकडा डोल्युटेग्राविरच्या माथी मारू नका. साखर नॉर्मल असताना लघवीत ग्लुकोज, घसरलेलं फॉस्फेट, प्रथिनं हे पाहा.

सिस्टॅटिन सी (गाळणी मोजायची रक्तातली दुसरी खूण) ला ओसीटी२ शी देणंघेणं नाही, पण ते स्वतः इन्फ्लमेशनने वाढतं, आणि तुमचा अभ्यास नेमका त्यावरच. दोन्ही मोजा, विश्लेषण दोन्हींनी वेगवेगळं करून बघा. मेटफॉर्मिनवर असलेल्यांचा डोसही नोंदवा. डोल्युटेग्राविरसोबत तो दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंतच ठेवायचा असतो.