हळद पावडरीच्या जाहिरातीसाठी गाजलेलं लग्नगीत वापरू का? आणि ताज्या घडामोडींवरच्या पोस्टचं काय?

शिवारकर (प्रश्न)

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या एका महिला बचत गटाच्या हळद पावडरीची जाहिरात हा माझा मार्केटिंगच्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प आहे. पाकिटं २०० आणि ५०० ग्रॅमची. एकूण पैसे आठ हजार, मोबाइल दोन, गावातल्या चार बाया गायला तयार. लगीनसराईच्या आधी तीस सेकंदांचा उभा व्हिडिओ आणि सोबत आठवड्याला दोन पोस्ट करायच्या आहेत.

थोडं विचारांचं गाठोडंही उघडतो. विविध भारतीवर १९६७ मध्ये जाहिराती सुरू झाल्या, त्यात मुंबई-पुण्यासोबत आपलं नागपूर केंद्रही पहिल्यापासून होतं. तेव्हा जाहिरातीचं गाणं आणि सिनेमाचं गाणं कानाला वेगवेगळं कळायचं. आता म्युझिक व्हिडिओत गाडी, फोन, दागिने असे मिरवतात की तो जाहिरातच वाटतो, आणि जाहिरात पाहावी तर ती कोणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओसारखी. मग आम्ही थेट गाजलेल्या हळदीच्या गाण्याचीच चाल घेऊन शब्द बदलले तर? ऐकणारा पहिल्याच सुराला थांबेल. दुसरं, क्रिकेटचा सामना, निवडणूक, नवी योजना यांवर पोस्ट टाकाव्यात का? तिसरं, आमच्याच तालुक्यातल्या वायगावच्या नावाने ओळखली जाणारी ‘वायगाव हळद’, हे नाव वापरता येईल का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

चाल_धरा

शब्द बदलले की गाणं आपलं झालं, हा समज आधी काढून टाका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे हक्क वेगवेगळे मोजतात: शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, ध्वनिमुद्रण तिसऱ्याचं. तुम्ही फक्त शब्द बदलले तर चालीचा हक्क जिथल्या तिथे राहतो. शब्द आणि चालीचा हक्क कर्ता गेल्यावर ६० वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीपासून ६० वर्षं. उदाहरण घरचंच घ्या. तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या भजनांचा हक्क २०२८ संपेपर्यंत चालतो. म्हणून ‘भजन तर सगळ्यांचंच’ म्हणून कोणी सुचवलं तरी ते जाहिरातीत घेऊ नका. तसंही श्रद्धेच्या पदावर पाकीट विकणं गावाला रुचत नाही.

ॲपमध्ये गाणं निवडायला मिळतं म्हणजे जाहिरातीची परवानगी मिळाली असं होत नाही. व्यवसायाच्या खात्याला मोजकाच संगीतसाठा दिसतो तो त्यामुळेच. वैयक्तिक खात्यावरून टाकलं तरी माल विकणं हे व्यापारी कामच. मग व्हिडिओ मुका होतो, किंवा यूट्यूबवर हक्कदाराचा दावा लागतो. तक्रार होऊन स्ट्राइक (नियमभंगाचा शेरा) आला तर गोष्ट गंभीर, कारण ९० दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनेल बंद. आणि हे नेमकं व्हिडिओ पसरायला लागल्यावर होतं, कारण तेव्हाच तो हक्कदाराच्या नजरेत येतो.

तुमच्याकडे गायला चार बाया आहेत, ही खरी पुंजी आहे. पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेल्या हळदीच्या गाण्याच्या चालीवर कोणाची मालकी नसते. पण एखाद्या कंपनीने त्याच चालीचं केलेलं ध्वनिमुद्रण आणि नवी वाद्यरचना मात्र तिचीच असते. म्हणून बायांच्या तोंडून गाऊन घ्या, कॅसेटवरचं उचलू नका. आणि गाणाऱ्या घरच्या असल्या तरी कागद करा: कोणतं गाणं, कुठे वापरणार, किती वर्षं, मोबदला किती. कॉपीराइटच्या करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. पुढे गट बाहेरदेशी माल पाठवू लागला तर याच ओळीवर अडेल. कागद वाचून दाखवून मगच सही घ्या.

खंजेरीवाला

चाल ठरली का मंग ताल मोजा, नाहीतर तीस सेकंदांत गाणं मावत नाही आन् शेवटी पाकिटाचं नावच कापल्या जाते.

मेट्रोनोम (ठोके देणारं ॲप) मिनिटाला १०० टोल्यांवर ठेवा. केरवा ताल आठ मात्रांचा. एका टोल्यात दोन मात्रा धरल्या तर एक आवर्तन चार टोल्यांचं, म्हणजे २.४ सेकंद. बारा आवर्तनं केली का २८.८ सेकंद होतात. उरलेले १.२ सेकंद नुसतं पाकीट आन् फोन नंबर. पहिल्या दोन आवर्तनांत बायांचा आवाज मोकळा ठेवा, वाद्य नको, फक्त टाळी. तिसऱ्यापासून खंजेरी-ढोलकी. मालाचं नाव दोनदा: एकदा चौथ्या आवर्तनात, एकदा शेवटच्यात.

रेकॉर्डिंग टिनाच्या खोलीत करू नका, टिन सुरासोबत झणझणते. कवेलूचं मातीचं घर बरं. त्याहून बरी म्हणजे कापूस साठवलेली खोली. एप्रिलपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या घरी कापूस पडून असतेच. कापूस आवाज असा पिऊन टाकते का स्टुडिओची गरज पडत नाही. फक्त तिथे दिवा, अगरबत्ती, बोर्डाची लोंबती वायर काहीच नको, ठिणगी पडली तर घर जाईल. खोली नसेल तर दोन खाटा उभ्या करून त्याइवर गोधड्या टाका, बाया मधात उभ्या करा.

मोबाइल तोंडासमोर धरू नका. तोंडापासून एक वीत लांब आन् जरा बाजूले, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटत नाहीत. रेकॉर्डिंग ॲपमधली आवाजाची पट्टी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, फाटलेला आवाज मागून नीट होत नाही. खंजेरीच्या झांजा लय टोचतात, वाजवणारा दोन मीटर मागं, तोंड भिंतीकडं. पंखा बंद. भारनियमनाची वेळ साधली तर सोन्याहून पिवळं, गावातले सगळे पंप-कूलर आपोआप गप असतात आन् मोबाइल बॅटरीवर चालतेच.

बाजाराच्या ऑटोवरच्या भोंग्यासाठी वेगळी ध्वनिफीत काढा. भोंगा ढोलकीचा खर्ज खाऊन टाकते, नुसता गोंगाट उरते. त्यात एकच आवाज, वाद्य जवळपास नाही, नाव-भाव-जागा सावकाश. परवानगी लेखी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, आन् शाळा-दवाखान्यापासून १०० मीटरच्या आत वाजवायचाच नाही.

शिवारकर

दादा, हे मोजमाप फारच उपयोगी आहे. बायांनी काल सुचवलेले शब्द असे आहेत:

काळ्या रानात पिकली, पिवळी हळद माय
रंग उजळे नवरीचा, दुसरं लावू काय!

लेबल_वाचा

पहिली ओळ सुरेख, तिला हात लावू नका. दुसरीतलं ‘रंग उजळे’ काढा. तुमची पावडर खाद्यपदार्थ म्हणून विकली जाते. त्वचा उजळते म्हटलं की तो सौंदर्यप्रसाधनाचा दावा झाला आणि त्याचे नियम वेगळे. शिवाय सावळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जाहिरात मानक परिषदेची २०१४ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आणि खरं सांगायचं तर आपल्या उन्हात राबणाऱ्या मुलींना हे ऐकवायचंच कशाला? ‘हात पिवळे नवरीचे, दुसरं मागू काय’ असं करा. मात्रा तेवढ्याच राहतात आणि लग्नाचा अर्थही येतो.

रोगाचं नाव कुठेच नको: कर्करोग, मधुमेह, संधिवात, करोना, काही नाही. १९५४ चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहेच, आणि अन्नसुरक्षा कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. ‘१००% शुद्ध’ही नको. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये पाकिटावर आणि जाहिरातीत ‘१००%’ न वापरण्याची सूचना दिली आहे. ‘सेंद्रिय’ म्हणायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस या सेंद्रिय प्रमाणन योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागेल. कर्क्युमिनचा (हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचा) आकडा छापायचा असेल तर तो त्याच लॉटच्या प्रयोगशाळा अहवालातला हवा, गावाच्या कीर्तीवरून घेतलेला नको.

वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे मालाचं नाव त्या भागाशी बांधणारी नोंदणी) मिळालं आहे. म्हणजे नाव त्या भागातल्या सगळ्यांचं खरं, पण ते बाजारात वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. आधी मानांकन घेतलेल्या संस्थेकडे जा, गटातल्या शेतकरी बायांची नोंदणी करा, मग नाव छापा. तोपर्यंत ‘समुद्रपूर तालुक्यातली हळद’ एवढंच लिहा. ते खरं आहे आणि त्याला कोणाची हरकत नाही. हळद दुसऱ्या जिल्ह्यातून घेऊन दळत असाल तर तेही लिहू नका.

एखाद्या गाजलेल्या रीलवाल्या पोराला पाकिटं फुकट देऊन व्हिडिओ करून घेणार असाल, तर जाहिरात मानक परिषदेच्या नियमाप्रमाणे व्हिडिओवर ‘जाहिरात’ ही पट्टी हवी. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान तीन सेकंद आणि त्यापुढे दोन मिनिटांच्या आत एकूण लांबीच्या एक तृतीयांश. म्हणजे तुमच्या तीस सेकंदांत दहा सेकंद.

उन्हातला_कॅमेरा

पिवळा रंग मोबाइलला फार फसवतो. सगळी चौकट पिवळी झाली की कॅमेरा ‘प्रकाश पिवळा आहे’ समजून निळं मिसळतो आणि हळद मेलेल्या बेसनासारखी दिसते. म्हणून कॅमेरा ॲपमधला व्हाइट बॅलन्स (रंगाचा समतोल) हाताने ५२००-५६०० केल्विनच्या आसपास लॉक करा आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) अर्धा-पाऊण टप्पा खाली घ्या, नाहीतर पावडरीचा ढीग उन्हात नुसता पिवळा डाग होतो, दाणा दिसत नाही. पांढऱ्या धोतरावर हळद ठेवू नका. काळी घोंगडी, पितळी परात किंवा शेणाने सारवलेलं अंगण घ्या. सकाळी सात ते नऊ, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. दुपारच्या उन्हात मोबाइल तापून बंद पडतो आणि बायांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात.

सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करा, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, १/६० ठेवलं तर घरातल्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या सरकताना दिसतात. खंजेरीवाल्या दादांचा हिशेब इथे बरोबर जुळतो: २.४ सेकंद म्हणजे नेमक्या ६० फ्रेम. एका आवर्तनाला एक दृश्य, बारा दृश्यं, कापणी तालावर.

पहिलं दृश्य चेहऱ्याचं घेऊ नका. वाळलेलं हळकुंड दोन्ही अंगठ्यांच्या जोरावर मोडताना अगदी जवळून घ्या. ‘कट्ट’ आवाज येतो आणि आतून गडद केशरी, मेणासारखी चमकणारी चिर दिसते. तो आवाज वेगळा रेकॉर्ड करून पहिल्या टोल्यावर बसवा. गाजलेल्या चालीने बोट थांबतं म्हणालात, ते काम हा आवाज करतो. मग उकळणारी कढई, वाळवण, ढोलात पॉलिश, चक्की, आणि शेवटी लग्नाचं अंगण. चक्कीजवळ मोबाइल पातळ पारदर्शक पिशवीत ठेवा, स्पीकरच्या जाळीत गेलेली पावडर निघत नाही.

व्हॉट्सॲपसाठीची प्रत सेकंदाला ४ मेगाबिटवर काढा, तीस सेकंदांची १५ एमबीच्या आसपास होते. खेड्यातल्या नेटवर्कवर तीच पुढे जाते.

बडग्या

ताज्या घडामोडींबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. अमूल बटरची मुलगी साठच्या दशकापासून चालू घडामोडींवर बोलते, ते सगळे शिकवतात. पण पोळ्याला तोरणाखाली म्हणतात त्या झडत्या (चिमटे काढणाऱ्या तुकबंदीच्या ओळी) आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यासोबत मिरवणुकीत निघणारे बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, हे त्याच कलेचं आपलं रूप आहे. भाववाढ, भ्रष्टाचार, त्या वर्षीचा जो राग असेल तो बडग्याच्या गळ्यातल्या पाटीवर दोन ओळींत. लोकांना ते पटतं, कारण बोलणारा स्वतः ते भोगत असतो. हळदीच्या पाकिटाने निवडणुकीवर बोललं तर ते कोणालाच पटत नाही, आणि अर्धं गिऱ्हाईक तुटतं.

क्रिकेटपटूचा फोटो टाकून अभिनंदन करणंही धोक्याचं. २०२१ च्या ऑलिंपिकनंतर पी. व्ही. सिंधूंच्या अभिनंदनाच्या पोस्टमध्ये आपलं चिन्ह घुसवणाऱ्या ब्रँडना त्यांच्या व्यवस्थापन कंपनीने नोटिसा दिल्या होत्या. पंतप्रधान, महात्मा गांधी, छत्रपती शिवाजी महाराज यांचं नाव-चित्र व्यापारासाठी वापरायला १९५० च्या कायद्याने मनाई आहे. शिवजयंतीला पोस्ट करायचीच असेल तर पाकीट आणि भाव बाजूला ठेवा. गारपीट किंवा शेतकरी आत्महत्येच्या बातमीवर तर काहीही विकू नये. त्या आठवड्यात ठरलेली पोस्टसुद्धा थांबवा.

तुमच्या घडामोडी शिवारातल्या आहेत: फेब्रुवारी-मार्चची काढणी, वाळवण, पहिलं दळण, लग्नाच्या तिथी. भेसळीची बातमी आली तर मात्र लगेच बोला, कारण तिथे तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे. पाण्याच्या ग्लासात चमचाभर हळद टाका, ढवळू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद होतं. एक ग्लास, खिडकीचा उजेड, एकच सलग दृश्य. दुसऱ्या कंपनीचं पाकीट शेजारी ठेवू नका. खाली लिहा की ही घरगुती पाहणी आहे, प्रयोगशाळेची तपासणी नाही.

आणि विक्री मोजा. भोंग्यात ‘लग्नाची हळद’, व्हिडिओत ‘हात पिवळे हळद’ असे वेगळे शब्द ठेवा. गिऱ्हाईक कोणता शब्द बोलतं ते विकणाऱ्या ताईने वहीत एका रेघेने मांडायचं. दर बाजाराला पान नवं. लाइक किती आले हे शिक्षकांना दाखवा, ही वही गटाला दाखवा.

शिवारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. चाल तोंडी परंपरेतलीच घेतोय, दुसरी ओळ बदलली, ‘वायगाव’ सध्या छापत नाही. एकच शंका: कापसाच्या खोलीला लागून पिठाची चक्की आहे, भिंतीतून घरघर येते. चालेल का?

खंजेरीवाला

नाही चालत भाऊ. ते घरघर ऐकताना कमी वाटते, पण आवाज वाढवला का तेच पहिले वर येते, आन् काढाले गेलं तर बायांच्या गळ्यातला खर्ज संगं जाते. चक्कीवाल्याले सुट्टीचा वार विचारा. त्या दिवशी सकाळी सहाले बसा, सातच्या आत चार टेक होतात. सुरू करायच्या आधी दहा सेकंद सगळे चूप राहून नुसती खोली रेकॉर्ड करा, जोड द्याले कामी येते.