शब्दचर्चा : ‘स्ट्रीट फोटोग्राफी’ला मराठीत काय म्हणावं?

आम्ही काही हौशी मंडळी सुट्टीच्या सकाळी पुण्यात मंडई, बोहरी आळी, जुना बाजार या भागांत कॅमेरा घेऊन हिंडतो. आता निवडक फोटोंचं छोटं प्रदर्शन करायचं ठरलंय आणि फलक मराठीतच हवा, असा सगळ्यांचा आग्रह आहे. अडलंय ते नावावर. ‘रस्ता छायाचित्रण’ लिहून पाहिलं, पण ते वाचून कुणालाही रस्त्याच्या कामाचे फोटो असतील असंच वाटेल. मुळात आमच्या फोटोंत रस्ता नसतोच. लिंबांचे वाटे लावणारी बाई असते, पाटीला टेकून डुलकी काढणारा हमाल असतो, दुकानाची फळी उघडायच्या आधी उंबऱ्यावर पाणी मारणारा पोरगा असतो. रस्ता म्हटलं की आपल्याला जाण्यायेण्याची सोय आठवते. जगणं चालतं ते आळीत, बोळात, नाक्यावर, पारावर, ओट्यावर. लोकलचा डबा आणि एसटी स्टँडही याच प्रकारात येतात, त्यांना रस्ता कसं म्हणणार? माणसांची आठवण करून देईल असा शब्द हवाय.

दादरकर : ‘वर्दळ’ घ्या. रहदारी वाहनांची, गर्दी नुसत्या संख्येची. वर्दळीत माणसं येतात, जातात, थांबतात, घासाघीस करतात. फुलबाजारात पहाटे जे चालतं ते वर्दळच. ‘दैनंदिन जीवन’ नको, शाळेतल्या निबंधाचा वास येतो. ‘जनजीवन’ तर वर्तमानपत्रांनी विस्कळीत करूनच वापरलंय.

कोल्हापूरकर : नामाचं ठरेल, पण क्रियापदाचं काय? आमच्याकडं गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढतात आणि बघायला आलेले फोटो काढतात. दोन्हीकडं ‘काढणे’च. स्टुडिओत बसलेला माणूस ‘फोटो काढून घेतला’ म्हणतो, म्हणजे स्वतःच्या मर्जीनं. वाटेत कुणी न विचारता फोटो काढला तर तोच माणूस म्हणेल, माझा फोटो काढून घेतला, आणि आता अर्थ होईल हिरावून नेला. शब्द तेच, मर्जी गेली की अर्थ फिरला. म्हणून मी कट्ट्यावर आधी दूध पितो, दोन शब्द बोलतो, मग कॅमेरा बाहेर.

मूळ प्रश्नकर्ती : दादा, हे फार पटलं. आम्ही फलकावर ‘टिपलेले क्षण’ लिहिणार होतो. ‘टिपणे’ चालेल ना?

नाशिकच्या मावशी : अगं, ‘टिपणे’ इतका बहुगुणी शब्द दुसरा नाही. चिमणी दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, पदराने डोळे टिपतात, कारकून टिपण करतो. या सगळ्यांत एक हळुवारपणा आहे, थोडंसंच उचलायचं आणि बाकीचं विस्कटायचं नाही. पण लक्षात ठेव, शिकारीही नेम धरून सावज टिपतो. आपण कुठल्या अर्थाने टिपतोय ते प्रत्येक वेळी हाताला ठाऊक असायला हवं. मला तरी ‘शूट करणे’ आणि ‘फोटो खेचणे’ यांपेक्षा ‘टिपणे’ शंभर पटींनी जवळचा. मात्र ‘क्षण’ काढून टाक. ‘टिपलेले क्षण’ लग्नाच्या अल्बमवरही असतं.

प्रतिसाद, पॅरिसहून : क्षणाचा विषय निघालाच आहे म्हणून. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२च्या पुस्तकामुळे ‘निर्णायक क्षण’ हा शब्दप्रयोग जगभर गेला, पण तो इंग्रजी आवृत्तीच्या नावातला. फ्रेंच नाव ‘इमाज आ ला सोव्हेत’. ‘आ ला सोव्हेत’ हे इथे विनापरवाना फेरीवाल्यांबद्दल म्हणतात : चादर पसरून घाईघाईने माल मांडायचा आणि पोलीस दिसले की चारी टोकं उचलून पसार. मुंबईत पालिकेची गाडी आल्याची आरोळी उठते तेव्हा पदपथावर जे होतं, अगदी तेच. मूळ नावात क्षणाचा थोरपणा नाही, पायांवर उभ्याउभ्या, जमेल तेवढ्यात साधण्याची लगबग आहे. नावासाठी फेरीवाल्यांचाच शब्द उचलला, याचं मला फार अप्रूप वाटतं. वर्दळ त्याच कुळातला वाटतो.

ठाणेकर : वर्दळीला माझंही मत. फक्त ‘हौशी’ शब्द काढा, त्याने काम दुय्यम वाटतं.

नाशिकच्या मावशी : मुळीच काढू नये. हौस अरबीतून आली आणि मराठीत घरची झाली. ‘हौसेला मोल नाही’ म्हणतो तेव्हा आपण तिला कमी लेखत नाही. हौशी नाट्यस्पर्धेतून केवढी माणसं पुढे आली! फोटोग्राफीत तर हौशींचाच इतिहास मोठा आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी पेशाने वैद्य आणि छंदाने फोटोग्राफर. १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मुंबईत जो अल्बम हप्त्याहप्त्याने काढला, त्याच्या नावातच ‘अमॅच्युअर’ म्हणजे हौशी आहे. तेव्हा रसायन लावलेल्या ओल्या काचेवर काही सेकंद प्रकाश पडू द्यावा लागे, म्हणून माणसांना स्तब्ध उभं करत. आज कॅमेरा सेकंदाच्या पाचशेव्या भागात काम उरकतो, म्हणून तुम्हाला चालता माणूस मिळतो. आणि शिकागोत मुलं सांभाळून पोट भरणारी व्हिव्हियन मायर? लाखाच्या वर निगेटिव्ह मागे ठेवून २००९ मध्ये गेली, हयातीत प्रदर्शन नाही. तिला हौशी नाही तर काय म्हणाल?

ठाणेकर : मान्य. मग ‘कँडिड’चं, म्हणजे पोझ न घ्यायला लावता काढलेल्या फोटोंचं, एवढं सांगा. आमच्या गटात ‘बेसावध टिपलेले’ म्हणतात.

कोल्हापूरकर : बेसावध गाठतो तो चोर. ‘सहज’ म्हणा. माणूस आपल्या कामात गर्क असतो, तो बेसावध नसतो.

मूळ प्रश्नकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार. मोठ्या अक्षरांत ‘वर्दळ’, खाली ‘हौशी छायाचित्रकारांनी सहज टिपलेलं रोजचं जगणं’. ‘प्रकाशचित्र’ अर्थाने जास्त नेमकं, हे कळतं, पण मंडईतल्या मंडळींनाही बोलावणार आहोत. त्यांना ‘छायाचित्र’ कळतं, ‘फोटो’ त्याहून. फोटोओळींतून ‘जगण्याची लढाई’, ‘कष्टाची भाकर’ वगैरे सगळं काढलंय. त्याऐवजी कामाचं नाव : हमाल, कल्हईवाले, लिंबूवाल्या. एक नाव मात्र मिळत नाही. धान्याची फाटकी पोती दाभणाने शिवणाऱ्या एक आजी आहेत, त्यांच्या कामाला काय म्हणतात?

दादरकर : बारदानवाले म्हणजे पोत्यांचे व्यापारी, ते नव्हे. आजींनाच विचारा, त्या सांगतील तेच छापा. जाताना त्यांच्या फोटोची एक प्रत घेऊन जा.