गरम झळांसाठी सोया आणि ब्लॅक कोहोश: थायरॉइडची गोळी, कॅल्शियम चालू असताना कसं बसवायचं?

रातराणी

माझं वय ५१, पाळी बंद होऊन १४ महिने झाले. दिवसातून सात-आठ वेळा गरम झळा, रात्री दोनदा घामाने जाग. आता चालू असलेलं: लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) ७५ मायक्रोग्रॅम सकाळी अनशापोटी, नाश्त्यासोबत कॅल्शियम कार्बोनेटची ५०० ची एक गोळी, केसांसाठी बायोटिन १० मिग्रॅ. गेल्या आठवड्यातल्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारा हार्मोन, थायरॉइड जास्त झालं की तो घटतो) नेहमीपेक्षा बराच खाली आला, त्यामुळे थायरॉइडचा डोस कमी करायचा विषय निघालाय.

हार्मोन्सची गोळी घ्यायला वैद्यकीय हरकत नाही, पण त्याआधी हर्बल करून बघायचंय. एक कॅप्सूल बघून ठेवलंय, त्यात सोया आयसोफ्लेवोन (सोयातले इस्ट्रोजेनसारखे पदार्थ) ८० मिग्रॅ, ब्लॅक कोहोश ही वनस्पती आणि शिवाय अकरा वनस्पती आहेत. ते सुरू करावं का, किती दिवस, आणि बाकीच्या गोळ्यांच्या वेळा कशा लावाव्या? झोपेसाठी अश्वगंधाही सुचवली जातेय.

खलबत्ता

कॅप्सूलचं नंतर बघू. तुमच्या यादीत सगळ्यात आधी हात घालायची गोष्ट बायोटिन आहे.

शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. १० मिग्रॅ म्हणजे त्याच्या तीनशेपटींहून जास्त. ते विषारी नाही, पण थायरॉइडच्या बऱ्याच रक्तचाचण्यांच्या रसायनातच बायोटिनचा वापर असतो, आणि रक्तात ते भरपूर असलं की यंत्र फसतं: टीएसएच खोटा कमी दिसतो, टी४ (खुद्द थायरॉइडचा हार्मोन) खोटा जास्त. कागदावर थेट 'थायरॉइड जास्त' असं चित्र उभं राहतं. त्यावर विसंबून डोस कमी केला तर दोन महिन्यांनी थकवा, बद्धकोष्ठ, वजन वाढणं, आणि सगळ्याचं खापर रजोनिवृत्तीवर.

म्हणून बायोटिन निदान दोन-तीन दिवस पूर्ण बंद ठेवून टीएसएच आणि फ्री टी४ पुन्हा करा, आणि बायोटिन चालू होतं हे डॉक्टरांना सांगा. मल्टिव्हिटॅमिन घेत असलात तर त्याचंही लेबल बघा, 'केस, त्वचा, नखं' असं लिहिलेल्या गोळ्यांत ते हमखास असतं. फेरतपासणीतही टीएसएच कमीच आला तर तो खरा, आणि मग डोस जास्त होतोय. थायरॉक्सिन जास्त झालं की घाम, धडधड, उकाडा सहन न होणं हे सगळं होतं. म्हणजे तुम्ही ज्याला झळा म्हणताय त्यातला काही भाग तिकडून येत असेल, आणि त्यावर सोया कितीही खाल्लं तरी उपयोग नाही.

आता वेळा. थायरॉक्सिन उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, पुढचा अर्धा ते एक तास कॉफीसुद्धा नाही. कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी. तुम्ही ते नाश्त्यासोबत घेताय, तिथेच चूक आहे: कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि गोळी पुरती शोषली जात नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणावर न्या. सोयाचंही तेच, दुपारी किंवा रात्री.

कॅल्शियमच्या गोळीवर '५००' नेमका कशाचा आकडा आहे ते वाचा. कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के असतं. '१२५० मिग्रॅ कार्बोनेट, ५०० मिग्रॅ एलिमेंटल' (म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम) असं असेल तर ठीक. नुसतं 'कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिग्रॅ' असेल तर हातात पडतं २००. कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकारात २१ टक्केच, म्हणून त्या गोळ्या मोठ्या किंवा दोन-दोन. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून जेवणासोबतच. रोज अ‍ॅसिडिटीची गोळी घेणाऱ्यांनी किंवा कार्बोनेटने पोट घट्ट होणाऱ्यांनी सायट्रेट घ्यावं, त्याला जेवणाची अट नाही (थायरॉक्सिनपासूनचे चार तास मात्र त्यालाही).

पन्नाशीनंतर बाईची गरज दिवसाला १२०० मिग्रॅ, पण ती अन्न धरून. खाण्यातून ७०० मिळत असेल तर गोळीतून ५०० पुरे. एका वेळी सुमारे ५०० मिग्रॅपर्यंतच नीट शोषलं जातं. वरून ओतलेलं हाडात जात नाही, मुतखड्याची शक्यता मात्र वाढते. 'ड' जीवनसत्त्व ६०० ते ८०० युनिट रोज. ६०,००० युनिटची आठवड्याची मात्रा ही कमतरता भरून काढण्यासाठी ठरावीक मुदतीची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: मळमळ, सतत तहान, गोंधळल्यासारखं होणं, मूत्रपिंडाला इजा.

आणि हे सगळं हाडांसाठी. कॅल्शियम किंवा 'ड' ने झळा कमी होत नाहीत.

एकेक करून

तेरा वनस्पतींचं कॅप्सूल घेऊ नका. त्यातल्या एखादीने काम केलं तरी कुठलीने ते कळणार नाही, आणि अंगावर पुरळ किंवा कावीळ आली तरी कळणार नाही. शिवाय अशा मिश्रणांवर बहुतेक वेळा एकूण वजन लिहितात, प्रत्येकीचं किती ते नाही.

करूनच बघायचं तर एकटं सोया घ्या. लेबलवर तीन गोष्टी शोधा.

पहिली, ८० मिग्रॅ हे कुठल्या रूपात. वनस्पतीत आयसोफ्लेवोन साखरेला जोडलेलं असतं (ग्लायकोसाइड), आतड्यात ती साखर तुटल्यावर मोकळं रूप उरतं (अ‍ॅग्लायकोन). जोडलेलं ८० म्हणजे मोकळं सुमारे ५०. दोन डब्यांवर तोच आकडा असला तरी माल सारखा नसतो तो यामुळे. दुसरी, जेनिस्टाइन (आयसोफ्लेवोनचाच एक प्रकार) किती. आयसोफ्लेवोनच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, पण २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) ज्या अर्कांमध्ये दिवसाला किमान ३० मिग्रॅ जेनिस्टाइन होतं त्यांनी झळांची संख्या कमी केल्याचं सातत्याने दिसलं. तिसरी, नुसती 'सोया पावडर' की प्रमाणित अर्क. पावडरचं वजन म्हणजे आयसोफ्लेवोनचं वजन नव्हे.

सगळ्यांना सारखा फायदा होत नाही, कारण सोयातल्या डेडझाइन या आयसोफ्लेवोनपासून इक्वॉल हा जास्त प्रभावी पदार्थ बनवणारे जिवाणू प्रत्येकाच्या आतड्यात नसतात. म्हणून मैत्रिणीला लागू पडलेलं तुम्हाला पडेलच असं नाही.

मोजल्याशिवाय सुरू करू नका. या चाचण्यांत पिठाच्या गोळीनेही (प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी) झळा कधीकधी निम्म्यावर येतात. तोंडाने घ्यायच्या हार्मोन्सवरच्या कॉक्रेन आढाव्यात नुसत्या प्लासिबोवरच्या बायकांच्या झळा सुमारे ५८ टक्क्यांनी घटलेल्या होत्या. 'बरं वाटतंय' ही मोजणी नव्हे. आधी दोन आठवडे काहीही न घेता रोजची नोंद ठेवा: किती झळा, आणि प्रत्येकीला १ (सौम्य), २ (घाम फुटला), ३ (हातातलं काम थांबलं). गुण मिळवून आठवड्याची सरासरी काढा. मग १२ आठवडे सोया. चार आठवड्यांत निकाल लावू नका, सोया हळू चालतं. गुण निम्म्यापेक्षा कमी झाले नाहीत तर सोडून द्या. झाले, तर चार आठवडे बंद करून पुन्हा मोजा. परत चढले नाहीत तर मूळ त्रासच ओसरलाय, डबा घेत राहायची गरज नाही.

तुमच्या बाबतीत ही नोंद थायरॉइडचा घोळ मिटल्यावरच सुरू करा, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होईल.

कडूकिराईत

मोजणीची रीत पटली, पण सोयाला मी इतका मान देणार नाही. द मेनोपॉज सोसायटी या रजोनिवृत्तीवर काम करणाऱ्या अमेरिकी वैद्यकीय संस्थेच्या २०२३ च्या बिनहार्मोनी उपचारांवरच्या निवेदनात सोया, इक्वॉल आणि हर्बल पूरकं यांची झळांसाठी शिफारस नाही. ज्यांची आहे त्यात संज्ञानात्मक वर्तन उपचार (विचार-सवयी बदलण्याचं समुपदेशन), क्लिनिकल हिप्नोसिस (संमोहन), काही नैराश्यविरोधी औषधांची कमी मात्रा, आणि गॅबापेंटिन व फेझोलिनेटंट ही औषधं. दिवसाला सात-आठ झळा आणि मोडलेली झोप असताना चार महिने सोयावर घालवायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसताना, दुसरी अडचण नसेल तर हार्मोन्सचा फायदा-तोटा बहुतेकींच्या बाजूने असतो. तुम्ही त्यात बसता.

ब्लॅक कोहोश तर सोडाच. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात १६ चाचण्या, २,०२७ बायका होत्या, आणि प्लासिबोपेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी क्वचितच्या, पण खऱ्या आहेत. बाजारात त्या नावाने दुसऱ्याच जवळच्या प्रजाती भरलेल्या सापडतात, म्हणून दोष मूळ वनस्पतीचा की भेसळीचा हेही धड सांगता येत नाही. कुणी घेतच असेल तर गडद लघवी, डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली दुखणं, अंगाला खाज यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी बंद आणि यकृताची तपासणी.

अश्वगंधा तुम्हाला नको. ती थायरॉइड हार्मोन वाढवू शकते. टीएसएच आधीच गोंधळलेला असताना त्यात ही भर कशाला? यकृताच्या तक्रारी तिच्याही आहेत.

बाकीचं पटकन: इव्हनिंग प्रिमरोझ तेल झळांसाठी कुचकामी. दाँग क्वाय या चिनी वनस्पतीचा उपयोग दिसलेला नाही, उलट वॉरफरिनबरोबर (रक्त पातळ ठेवणारं औषध) रक्तस्रावाची भीती. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती तर अनेक औषधं शरीरातून लवकर बाहेर काढते आणि नैराश्याच्या गोळ्यांसोबत घातक ठरू शकते. 'वाइल्ड याम' या रानकंदाचं मलम लावून प्रोजेस्टेरॉन मिळतं ही निव्वळ थाप आहे. त्यातल्या डायोसजेनिनपासून हार्मोन कारखान्यात बनवता येतं, शरीरात ती प्रक्रिया होतच नाही.

रातराणी

बायोटिनचं कुणीच सांगितलं नव्हतं, आजपासून बंद. त्या कॅप्सूलच्या अकरा वनस्पतींत अश्वगंधाही निघाली, त्यामुळे ते बाद. दोनच शंका: सोयाऐवजी जवस चालेल का? आणि पाळी बंद झाल्यापासून लोह थांबवलेलं नाही, ते चालू ठेवू?

खलबत्ता

जवस झळांवर प्लासिबोपेक्षा सरस ठरलेला नाही. पोट साफ होण्यासाठी मात्र चांगला. रोज एक चमचाभरापासून सुरू करा, दळूनच (अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो) आणि सोबत भरपूर पाणी, नाहीतर उलट पोट घट्ट होतं. तंतू औषधांचं शोषण अडवतात, म्हणून सकाळच्या गोळीपासून तोही लांब ठेवा.

लोह: पाळी थांबली की रोजची गरज १८ वरून ८ मिग्रॅवर येते. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासल्याशिवाय चालू ठेवू नका. कमी आलं तर 'पाळीमुळे' हे उत्तर आता चालणार नाही, रक्त कुठून जातंय ते शोधावं लागेल. लोह घ्यावंच लागलं तर थायरॉक्सिनपासून चार तास आणि कॅल्शियमपासून दोन तास दूर.

एकेक करून

एक राहिलं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर योनीतून थेंबभरही रक्त दिसलं तर 'सोयामुळे असेल' म्हणून वाट बघायची नाही, लगेच स्त्रीरोगतज्ज्ञ. दिवसाला १५० मिग्रॅ आयसोफ्लेवोन पाच वर्षं दिलेल्या एका चाचणीत काही बायकांच्या गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं आढळलं, म्हणून ८० च्या वर जाऊ नका आणि वर्षानुवर्षं ओढू नका. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा टॅमॉक्सिफेन (त्या कर्करोगावरचं औषध) चालू असेल तर अर्काची गोळी ऑन्कॉलॉजिस्टला (कर्करोगतज्ज्ञाला) विचारल्याशिवाय नकोच.

आणि कॅल्शियमची वेळ बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच, सोया सुरू केल्यावर तेवढ्याच काळाने पुन्हा एकदा. रक्त देताना दर वेळी त्याच प्रयोगशाळेत आणि सकाळची गोळी घेण्याआधी.