सकर मासा आणि शेवाळ
फिश टँकमध्ये शेवाळ धरलं की लोक म्हणतात, एक सकर मासा (काचेला तोंडाने चिकटून शेवाळ खाणारा) सोडा, शेवाळ साफ. नाही हो, आमच्या कोपरखैरण्याच्या घरी हा प्रयोग करून झालाय, बोटाएवढा आणलेला सकर दीड वर्षात वीतभर झाला, काच सोडून बाकी माशांच्या खाण्यावरच (फ्लेक्स) ताव मारायचा आणि त्याची दोऱ्यासारखी लांबलचक शी तळाला साचायची, म्हणजे शेवाळाला आयतं खतच की! फरक पडला लाईटमुळे. टँक बाल्कनीच्या दारापासून हलवला आणि टायमर लावून लाईट फक्त 6 तास (आधी शोभेला म्हणून झोपेपर्यंत चालू असायचा), तीनेक आठवड्यांत काच हिरवी होणं जवळपास थांबलं. पाणीच पालकाच्या रसासारखं झालं असेल तर मात्र नुसतं बदलून भागत नाही, जाड चादर गुंडाळून 3-4 दिवस पूर्ण अंधार ठेवा, एअरपंप चालूच, कारण मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं.