गॅलरीत कपडे, गॅलरीत चित्रं

धागाकर्ती (पुणे)

गेल्या रविवारी सकाळी सासूबाईंना म्हटलं, "आई, मी गॅलरीत जाऊन येते, जेवायला थांबू नका." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गॅलरीत जायला साडी कशाला नेसलीस? आणि जातेच आहेस तर वाळलेले कपडे आत आण." मी निघाले होते बालगंधर्वच्या कलादालनात. ओळखीतल्या एकीची जलरंगातली चित्रं तिथं लागली होती. कपडे काढले, घड्या घातल्या, मगच निघाले. रिक्षात मात्र तोच शब्द डोक्यात घोळत राहिला.

चित्रं बघत हिंडायचा मला नाद आहे, घरातले त्याला खूळ म्हणतात. पण जिथं जाते त्या जागेला मराठीत काय म्हणायचं? पाटीवर 'कलादालन' असतं, ते वाचायला बरं वाटतं. बोलताना "कलादालनात चाललेय" म्हटलं की मी फीत कापायला निघालेय असं वाटतं. शिवाय 'दालन' शब्द दुकानदारांनी पळवलाय. साड्यांचं भव्य दालन, फर्निचरचं नवं दालन. उरलंसुरलं मंत्र्यांकडे गेलं, 'मंत्र्यांच्या दालनात बैठक'. 'चित्रशाळा' म्हणावं तर लोक विचारतात, फी किती? 'कलावीथी' तर मी कुणाच्या तोंडून आजवर ऐकलेलं नाही. तुम्ही काय म्हणता?

डोंबिवलीकर

आम्ही काहीच म्हणत नाही, जागेच्या नावाला 'ला' लावतो. "जहांगीरला जाऊन आलो." १९५२ साली मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली, पण काळ्या घोड्याला जाणाऱ्याच्या तोंडी ते 'आर्ट गॅलरी' शेपूट क्वचितच येतं. शेजारच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचं नाव बदललं तरी बसमध्ये अजून "एक म्युझियम द्या" असंच ऐकू येतं. काळा घोडाही तसाच. घोड्यावरच्या राजासकट तो पुतळा १९६५ साली तिथून हलवला, नाव जाग्यावर राहिलं. बिनस्वाराचा नवा घोडा आला २०१७ मध्ये. मधली पन्नासेक वर्षं आम्ही नसलेल्या घोड्यापाशी भेटत होतो.

मला क्रियापदात जास्त रस आहे. प्रदर्शन 'भरतं', जशी जत्रा भरते, शाळा भरते, दरबार भरतो. म्हणजे माणसं जमली तरच ते प्रदर्शन. आर्ट स्कूलची मंडळी मात्र "त्याचा शो लागलाय" म्हणतात, सिनेमासारखं. आठवडाभर भिंतीवर चित्रं असतात आणि हॉलमध्ये चित्रकार एकटाच खुर्ची टाकून बसलेला असतो, अशा वेळी 'भरलंय' म्हणायला जीभ रेटत नाही. 'लागलंय' हेच खरं.

ऱ्हस्वदीर्घ

विषय निघालाच आहे तर सांगतो. 'वस्तू' एकटी आली तर दीर्घ, समासात 'वस्तुसंग्रहालय', ऱ्हस्व. तसंच प्राणी, पण 'प्राणिसंग्रहालय'. पाट्यांवर सर्रास उलटं दिसतं.

दुसरं म्हणजे मुंबईच्या त्या म्युझियमच्या आजच्या नावात 'वस्तुसंग्रहालय' आहे, पण रोमन लिपीत वस्तु आणि वास्तु सारखेच दिसतात. माझा दिल्लीचा एक स्नेही बरेच दिवस तिथं घरांचे नमुने ठेवले असतील असं समजत होता. (आत गेल्यावर घुमटाकडे बघत म्हणाला, माझंच बरोबर होतं.)

नागपूरकर

पुणे-मुंबईचं झालं असेल तर आमचंही ऐका. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं, आणि गावात त्याला म्हणतात 'अजब बंगला'. आजोबा बोट धरून न्यायचे तेव्हाही अजब बंगला, आता मी मुलीला नेतो तेव्हाही अजब बंगला. हिंदीत अजायबघर आहे, बंगालीत जादूघर आहे. आमच्या शब्दात बंगलाही आहे आणि नवलही आहे. 'संग्रहालय' म्हटलं की कपाट दिसतं, 'अजब बंगला' म्हटलं की पोरगं आपणहून चप्पल घालतं.

तसाच 'चितारी' हा शब्द. चित्र काढणारा तो चितारी. नागपुरात चितारओळ आहे, गणपतीच्या मूर्ती तिथंच घडतात. सावंतवाडीला चितारआळी आहे, लाकडी खेळण्यांची. 'चित्रकार' आला आणि चितारी फक्त पत्त्यात उरला.

जुना वाचक

धागाकर्तीच्या सासूबाईंचं चुकलं नाही, उलट त्याच मूळ अर्थाला धरून आहेत. युरोपातही 'गॅलरी' म्हणजे आधी लांबलचक, अरुंद, छप्पर असलेली, येण्याजाण्याची वाट. चित्रं तिथं मागाहून आली. इटलीत फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी या चित्रसंग्रहालयाचं उदाहरण घ्या. नावाचा अर्थच कचेऱ्या. वास्तुकार वासारीनं १५६० पासून ती इमारत बांधायला घेतली ती कारभाऱ्यांच्या बैठकीसाठी. वरच्या मजल्यावरच्या लांब सोप्यात पुढं मेदिची घराण्यानं आपले पुतळे आणि चित्रं मांडली. आज जगभरचे लोक रांगा लावून जे बघायला जातात, तो मुळात कचेरीवरचा पॅसेज. आता गिरगावातली चाळ डोळ्यांपुढं आणा. खोल्यांपुढून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी सामाईक वाट, एका बाजूला कठडा, वर छप्पर. तिला आपण गॅलरीच म्हणतो. घरची ती गॅलरी आणि सिनेमाची ती बाल्कनी, हा भेद मराठीनं कुणाला न विचारता करून टाकला. आता बिल्डर घरालाही बाल्कनी म्हणू लागलेत तो भाग वेगळा.

आणि गंमत पुढं आहे. 'दालन' आला फारसी 'दालान'वरून. तिकडं दालान म्हणजे देवडीतून आत नेणारी वाट, हिंदीत आजही ओसरी. 'वीथी' म्हणजे संस्कृतात रस्ता, ओळ. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त पहिल्याच अंकात लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच आयुष्यातले प्रसंग चित्रांतून दाखवतो, ती चित्रं वीथीत काढलेली आहेत. तिघंही चालत चालत बघतात, आणि एकेका चित्रापाशी सीता कशी हलते ते वाचण्यासारखं आहे. तीन भाषांतले तीन शब्द, आणि तिन्हींच्या पोटात चालण्याची जागा. खुर्ची टाकून चित्र बघायची पद्धत कुणाचीच नव्हती.

'चित्रशाळा' तेवढी वेगळी, ती खरोखरची खोली. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त राणी चित्रशाळेत जाते आणि तिथल्या ओल्या रंगाच्या चित्रानं सगळा घोळ होतो. मराठीत हा शब्द टिकायला हरकत नव्हती, पण १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला आणि त्याची रंगीत चित्रं घरोघरी गेली. शब्द छापखान्याच्या नावावर चढला, तो परत उतरलाच नाही.

धागाकर्ती

दालान माहीत नव्हतं! दालनाबद्दलचे शब्द मागे घेते. दुकानदारांबद्दलचे नाही.

'संग्रहालय' या शब्दावर माझा राग वेगळ्या कारणानं आहे, त्याला स्वतःचं असं काही नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) ही लायब्ररी. प्राणिसंग्रहालयात वाघ. भायखळ्याला तर भाऊ दाजी लाड संग्रहालय राणीच्या बागेला चिकटूनच. आमची मुलं लहान असताना "संग्रहालयात जाऊ" म्हटलं की ती वाघाकडे पळायची आणि मी १८७२ सालच्या त्या देखण्या इमारतीच्या दाराशी एकटी.

पण केळकर संग्रहालय म्हणताना मात्र 'संग्रह' शब्द नेमका बसतो, कारण तो एका माणसाचाच संग्रह. 'अज्ञातवासी' नावानं कविता करणारे दिनकर केळकर, मुलगा राजा लहानपणी गेला, त्याच्या नावानं त्यांनी हा संसार मांडला. वीस हजारांच्या वर वस्तू, आणि त्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरातल्या, माजघरातल्या. मला तिथं अडकित्त्यांपुढून हलवत नाही. नुसती सुपारी कातरायची तर दोन पाती आणि एक खिळा पुरे होता, पण कुणाला दांडीला मोर हवा, कुणाला घोडा. मागच्या खेपेला वज्रीपाशी थांबले होते. पितळेची, तळव्याला लागते ती बाजू खरबरीत, वर धरायला नक्षी. शेजारी कॉलेजातली दोन मुलं होती. एक म्हणाला, "पेपरवेट असणार." मी सांगितलं, पाय घासायची वज्री. त्यानं शब्द दोनदा म्हणून बघितला आणि मोबाइलवर टाइप केला. शब्द त्याला कोशात सापडला असता, पण कोशात तो शोधायला गेला कशाला असता?

कुडाळकर

एक भर घालतो. आमच्याकडं पिंगुळीला चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं एक छोटं संग्रहालय आहे, ठाकर कलावंतांनी स्वतः उभं केलेलं, गुरांच्या गोठ्यात. नाव 'ठाकर आदिवासी कला आंगण'. दालन नाही, वीथी नाही, आलय नाही. चित्रकथीची चित्रं भिंतीवर टांगायची नसतातच मुळी. पोथी सोडायची, एकेक चित्र उभं धरायचं आणि कथा सांगायची. बघणारे बसलेले, चालतात ती चित्रं. तेव्हा 'चालण्याची जागा' हा वरचा नियम आमच्या अंगणापुरता लागू नाही, एवढं नोंदवून ठेवा.

धागाकर्ती

नोंदवलं. आणि 'क्युरेटर'चं काय करायचं ते कुणीतरी सांगा. सरकारी पदाला 'अभिरक्षक' आहे, पण तो शब्द ऐकला की हातात कंदील घेतलेला माणूस दिसतो. चित्रं निवडणारा, कुठलं कशाशेजारी लावायचं ते ठरवणारा, त्याला काय?

सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. त्या चाळीतच वाढलेल्या. उफ्फीझी वगैरे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यात काय, आमच्या गॅलरीत गणपतीत पोरांची चित्रं लावायचे की. कपड्यांच्याच दोरीला, चिमटे लावून. दहा दिवस कपडे वाळवायची पंचाईत. आणि चिमटे कधी परत मिळाले नाहीत."